दोन मॉनिटर आणि कार्डाचा खर्च

“ऑफिसच्या कॉम्प्युटरला दोन मॉनिटर लावायचे आहेत,” असे दुकानात सांगितले की पुढचे उत्तर बहुधा ठरलेले असते, “मग ग्राफिक्स कार्ड टाकावे लागेल.” कोटेशन हातात पडते तेव्हा कार्डाची किंमत दुसऱ्या मॉनिटरपेक्षाही जास्त निघते. मागच्या दोन महिन्यांत असे कोटेशन घेऊन तिघे आमच्याकडे आले. एक आमच्याच शाळेचे क्लार्क, एक ई-सेवा केंद्र चालवणारा तरुण आणि एक घरी बसून उर्दू-मराठी टायपिंगची कामे घेणाऱ्या आपा. तिघांत कार्डाची खरी गरज एकालाच होती.

दुसरा मॉनिटर ही चैन आहे असे आम्ही म्हणणार नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ‘महंमद’, आधार कार्डावर ‘मोहम्मद’, बँकेच्या पासबुकात तिसरेच काहीतरी. ‘शेख’ कुठे आडनाव म्हणून शेवटी, कुठे नावाआधी. एका अक्षराच्या फरकाने मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो आणि मग बाप रोजंदारी बुडवून दुरुस्तीसाठी खेटे घालतो. एका पडद्यावर रजिस्टरचे स्कॅन केलेले पान आणि शेजारच्या पडद्यावर भरायचा फॉर्म, असे समोरासमोर दिसले की या चुका जागच्या जागी सापडतात. एकाच पडद्यावर खिडक्या उलटसुलट करत बसले की डोळा चुकतोच.

पण त्यासाठी कार्डच हवे का? आधी सीपीयूचा डबा फिरवून पाठीमागे पाहावे. मदरबोर्डच्या पट्टीवर मॉनिटरची दोन तोंडे असतात का ते बघावे: व्हीजीए (निळे, पंधरा छिद्रांचे), डीव्हीआय, एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट यांपैकी कोणतीही दोन. असतील आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल, तर दोन मॉनिटर तसेच चालतात. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या इंटेलच्या बहुतेक ऑफिस संगणकांत ही सोय आहे. लोकांना वाटते की दोन पडद्यांना खूप मेमरी लागेल. हिशेब करून पाहा. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके, प्रत्येकाला चार बाइट, म्हणजे एका पडद्याचे चित्र सुमारे ८ एमबी आणि दोन पडद्यांचे १६ एमबी. प्रत्यक्षात खिडक्या आणि ब्राउझर याच्या कितीतरी पट मेमरी वापरतात हे खरे, तरी एक्सेल, टॅली आणि सरकारी पोर्टलसाठी ‘चार जीबीचे कार्ड पाहिजेच’ ही गोष्ट पटण्यासारखी नाही.

आमच्या क्लार्क साहेबांचे काम यातच भागले. मशीनला एक व्हीजीए आणि एक एचडीएमआय तोंड होते, मॉनिटर मात्र दोन्ही जुने, फक्त व्हीजीएचे. एचडीएमआयवरून व्हीजीएवर नेणारा कन्व्हर्टर आणला, खर्च काही शे रुपये. इथे एक खबरदारी. एचडीएमआयचा सिग्नल डिजिटल आणि व्हीजीएचा अॅनालॉग, म्हणून मधल्या डबीत रूपांतर करणारी चिप लागते. नुसती दोन टोकांची स्वस्त वायर घेतली तर पडदा काळाच राहतो. तसेच ‘स्प्लिटर’ घेऊ नये. तो एकच चित्र दोन ठिकाणी दाखवतो, दोन वेगळी कामे नाही.

ई-सेवा केंद्रवाल्या तरुणाला मात्र एकच चित्र दोन ठिकाणी हवे होते. गिऱ्हाइकाने समोर बसून आपले नाव स्वतः तपासावे, मगच तो ‘सबमिट’ दाबणार. विचार फार चांगला. विंडोजचे बटण आणि ‘पी’ एकत्र दाबले की ‘डुप्लिकेट’ आणि ‘एक्स्टेंड’ असे पर्याय येतात. आम्ही त्याला ‘एक्स्टेंड’ घ्यायला सांगितले. ‘डुप्लिकेट’मध्ये आधीच्या गिऱ्हाइकाचा आधार नंबरही समोरच्याला दिसत राहतो, आणि मोहल्ल्यात अशा गोष्टी पसरायला वेळ लागत नाही. एक्स्टेंड करून फक्त भरलेल्या फॉर्मची खिडकी माउसने पलीकडे सरकवावी. त्यालाही कार्ड लागले नाही.

आपांची गोष्ट वेगळी होती. मुलगा पुण्याला नोकरीला जाताना गेम खेळायचे स्वतःचे कार्ड काढून घेऊन गेला आणि कॉम्प्युटरवर चित्रच येईना. मागे एचडीएमआयचे तोंड होते, वायर चांगली होती. दुरुस्तीवाल्याने ‘बोर्ड गेला’ असे सांगून नव्या बोर्डाचा भाव दिला. आम्ही फोनवरून प्रोसेसरचे नाव विचारले: आय-फाइव्ह १०४००एफ. सगळी मेख त्या ‘एफ’मध्ये. इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर आत ग्राफिक्स नसते. बोर्डावरचे तोंड दिसते, पण त्याला चित्र पुरवणारा कोणी नसतो. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेतही तेच: ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे, ५६०० मध्ये नाही. बोर्ड धडधाकट होता, हवे होते ते साधे कार्ड.

साध्यातले कोणते? बाजारात सगळ्यांत स्वस्त म्हणून जीटी ७१० आणि जीटी ७३० पुढे केली जातात. ती चालतात, पण पिढी जुनी आहे. एनव्हिडियाने जीटी ७१० च्या पिढीचे नियमित ड्रायव्हर २०२१ मध्ये थांबवले आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही सप्टेंबर २०२४ पर्यंतच दिल्या. लोकांचे आधार नंबर, बँकेचे कागद ज्या मशीनवर येतात तिथे आज नव्याने पैसे घालून हे कार्ड घेऊ नये. जीटी १०३० हे २०१७ चे. त्यालाही नवे काही मिळणार नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. ते साधारण ३० वॅट घेते, एसएमपीएसमधून वेगळी वायर लागत नाही. डीडीआर४ आणि जीडीडीआर५ अशा दोन प्रकारांत येते. पहिला प्रकार हळू आहे, खेळांसाठी वाईट, टायपिंगला पुरेसा. जास्त टिकाऊ हवे तर रेडिऑन आरएक्स ६४००, ५३ वॅटचे. तीन मॉनिटरवाल्यांनी एनव्हिडिया टी४०० पाहावे, मात्र त्याची तिन्ही तोंडे मिनी डिस्प्लेपोर्टची असल्याने कन्व्हर्टरचा खर्च आधीच धरावा.

मोठ्या कार्डाच्या मोहात पडू नये. बोर्डाच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात आणि कंपन्यांच्या बारीक डब्यांतले एसएमपीएस बेताचेच असतात. डबा बारीक असेल तर कार्ड ‘लो प्रोफाइल’ हवे आणि आखूड पट्टी सोबत आहे का ते दुकानातच उघडून पाहावे. लॅमिंग्टन रोडवर किंवा तापकीर गल्लीत जुने कार्ड घेणार असाल तर जीपीयू-झेड नावाचा मोफत प्रोग्राम चालवून दाखवायला सांगा. जुन्या चिपवर नवे नाव चढवून विकलेली कार्डे तो बऱ्याचदा पकडतो. दुकानदार कुरकुरला तर दुसरे दुकान.

आपांनी जीटी १०३० घेतले, एचडीएमआय आणि डीव्हीआय अशी दोन तोंडे असलेले. त्यांचा जुना मॉनिटर व्हीजीएचा होता. या कार्डाचे डीव्हीआय शुद्ध डिजिटल, म्हणून साधी पिन जोडून भागत नाही, तिथेही चिपवाला कन्व्हर्टर लागला. आणखी एक, कार्ड बसल्यावर मॉनिटरच्या वायरी कार्डालाच लावाव्यात, बोर्डाच्या तोंडाला नाही. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

पहिल्या दिवशी माउस उजव्या कडेने जायचा आणि डाव्या पडद्यावर उगवायचा. डिस्प्ले सेटिंगमध्ये १ आणि २ अशी दोन चौकटी दिसतात, त्या माउसने धरून टेबलावरच्या क्रमाने ठेवायच्या असतात. आपांनी इनपेजचे उर्दू पान उजवीकडच्या पडद्यावर ठेवले आहे आणि मराठीचे डावीकडे.