संगणकाचा खोडवा किती ठेवायचा?



यंदाच्या गटसभांतून एकच मागणी आमच्या कानावर आली. गट ऑफिसातले जुने डबे काढा, नवे संगणक आणा, फायबरचे इंटरनेट घ्या. काही सभासदांनी आपल्या रोपवाटिकेसाठी, खताच्या दुकानासाठीही हाच सल्ला विचारला. आम्ही शेतीची पदविका घेतलेली माणसं, संगणकाचे जाणकार नव्हे. पण या कामात एकदा हात पोळले आहेत, म्हणून लिहितो.

तीन वर्षांपूर्वी एका गट ऑफिसात नोंदी रखडत होत्या. संगणक जुना, म्हणून आम्हीच शिफारस केली आणि नवा आणला. आडसाली लागणीचे दिवस, नोंदींना गर्दी. नवा संगणक टेबलावर झगझगीत, आणि नोंदी जिथल्या तिथे! गाव दोन टेकड्यांच्या बेचक्यात; मोबाईलची रेंज कधी यायची, कधी जायची. चिटबॉय बिचारा कागदावर लिहून ठेवी आणि जमेल तेव्हा भरी. त्यात एका सभासदाची नोंद अकरा दिवस उशिरा चढली, आणि भरल्याची तारीख तीच लागणीची तारीख म्हणून धरली गेली. तोडणीचा क्रम तारखेवर. त्याचा ऊस मागे पडला, उसाला तुरा आला, वजन घटले. "साहेब, मशीन तर नवं घेतलंत ना?" एवढंच तो म्हणाला. आमच्याजवळ उत्तर नव्हते.

चुनखडीच्या रानात ऊस केवडा पडला, पानं पिवळी पडली, की पुष्कळजण युरिया ओततात. कमतरता असते लोहाची. आम्ही तेच केले.

तेव्हा आधी रोग ओळखावा. एक साधी वही घाला आणि महिनाभर लिहा: काम कधी अडले, किती वेळ अडले आणि कशाने अडले. वीज गेली, रेंज गेली, संगणक गोठला, की भरणाऱ्यालाच नीट येत नव्हते? (हे शेवटचे कारण कोणी लिहीत नाही, पण आमच्या अनुभवात ते बरेचदा असते.) शंका आली तर दुसऱ्या कंपनीचे सिम असलेल्या मोबाईलवरून त्याच संगणकाला इंटरनेट जोडून पाहा. काम सुरळीत चालले तर संगणक निर्दोष समजावा. इंटरनेट नसतानाही साधी फाईल उघडायला तो पाच मिनिटे घेत असेल, तर दोष त्याचा.

दोष त्याचा निघाला तरी लगेच मोडीत काढू नये. खोडव्यात नांग्या पडल्या तर आपण आधी रोपं लावून भरतो. फारच विरळ झाला तरच नांगर घालतो. जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, थोडी रॅम वाढवली, तर पुष्कळ संगणक पुन्हा कामाला लागतात. खर्च नव्याच्या मानाने थोडा.

इंटरनेटच्या वेगाचेही तसेच. लागणीची नोंद म्हणजे काय? नाव, गट नंबर, क्षेत्र, जात, तारीख. एवढ्याला वेग लागत नाही, खात्रीची लाईन लागते. वारणा परिसरात १९९८ साली सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना सुरू झाली. त्या काळी ते मोठेच धाडस होते. पुढे पाहणीत आढळले की ऊस उत्पादकांचा वापर मुख्यतः उसाच्या कामापुरता, म्हणजे वजन, तोडणी, खत यांची माहिती. म्हणून २००६-०७ च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाईल आणि एसएमएस यांवर तेच काम चालवून पाहिले, आणि ते चालले. आपल्या गट ऑफिसांनाही फायबरच्या आधी दुसऱ्या कंपनीचे एक सिम आणि बॅटरीची सोय द्यावी, असे आमचे मत आहे. ज्यांच्या दुकानात दिवसभर ऑनलाईन बिले आणि पैसे चालतात, त्यांचा हिशेब वेगळा. त्यांनी फायबर जरूर घ्यावे, पण सिमही ठेवावे.

एका बाबतीत मात्र "चालतंय तोवर चालू द्या" हे आम्हाला मान्य नाही. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. असा संगणक वरून ठणठणीत दिसतो, पण त्याच्या कुंपणाला पडलेली भोकं आता कोणी बुजवत नाही. ज्यावर सभासदांची बँक खाती, बिलं, शेअर्सची नोंद आहे, तो नव्या विंडोजला चालत असेल तर चढवून घ्यावा, नाहीतर बदलावा. यात काटकसर नको.

आणि बदल हंगामात नको. गाड्या काट्यावर उभ्या असताना नवे मशीन शिकायचे, हा तोडणी कामगार आणि सभासद दोघांवर अन्याय. कारखाना बंद झाला की मे महिन्यात बदलावे, नोंदींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी, जुना संगणक महिनाभर शेजारी चालू ठेवावा. जुलैत आडसालीच्या नोंदी सुरू होण्याआधी चिटबॉयचा हात बसला पाहिजे.

प्रत्येक गट ऑफिसात आम्ही एक वही ठेवली आहे. ज्या सभासदाची नोंद अडली त्याने तारीख, वेळ आणि कारण स्वतःच्या हाताने लिहावे. वही भरली म्हणजे कुठल्या गटाला संगणक आणि कुठल्या गटाला नुसते सिम, हे त्या वहीवरूनच संचालक मंडळापुढे मांडू. भरल्याची तारीख आणि लागणीची तारीख आता वेगळ्या रकान्यात आहेत; सभासदांनी नोंदीची पावती घेताना दोन्ही वाचून पाहाव्यात.