वाघ दिसला नाही, म्हणजे काहीच दिसले नाही?



सुट्टीत तुमच्यापैकी कोणी ताडोबाला जाऊन आला, की वर्गात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "वाघ दिसला का?" उत्तर 'नाही' असे आले, की पुढे कोणी काही विचारीत नाही. सहल फुकट गेली असेच सर्वजण धरून चालतात. माझ्या मते यात आपली मोठी चूक होते. ती कशी, हे मला एका रिकाम्या दुपारने शिकविले.

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. ते १९५५ साली घोषित झाले आणि १९९५ साली शेजारच्या अंधारी अभयारण्यासह तेथे व्याघ्रप्रकल्प झाला. एप्रिलच्या सुरुवातीस आम्ही घरची मंडळी तेथील प्रवेशद्वाराजवळच्या एका पर्यटक निवासात उतरलो होतो. पहाटेच्या फेरीत रानगवे दिसले, सांबर दिसले, मोर दिसले. वाघ मात्र दिसला नाही. मुले हिरमुसली होऊन परतली. पुढची फेरी दुपारनंतर होती. ऊन असे, की बाहेर पाऊल टाकवेना. मग आम्ही सारे व्हरांड्यात नुसते बसून राहिलो.

कुंपणापलीकडे मोहाचे एक मोठे झाड होते. त्यावर वानरांची टोळी बसली होती. वानर मोठा उधळ्या प्राणी. चार पाने खातो आणि दहा खाली टाकतो. थोड्या वेळाने खाली सात-आठ चितळ आले आणि पडलेली पाने व मोहफुले वेचू लागले. उंच फांदीवरचा पाला चितळाच्या तोंडी कधी लागला नसता; वानरांमुळे तो त्यांना आयता मिळत होता.

हा शेजार नुसता खाण्यापुरता नसतो. वानराला उंचावरून लांबचे दिसते. चितळाचे नाक व कान तीक्ष्ण. वाघाची किंवा बिबट्याची चाहूल लागली, की वानर खॅक-खॅक असा खाकरतो, चितळ तीव्र स्वरात ओरडतो, आणि दोघेही एकमेकांचा इशारा ओळखतात. वाघ दबा धरून शिकार करणारा प्राणी आहे. आपण दिसलो हे कळले, की पुष्कळदा तो शिकारीचा नाद सोडून देतो. म्हणजे त्या ओरडण्यात जशी सोबत्यांना सूचना असते, तसाच वाघालाही निरोप असतो : तू आम्हाला दिसला आहेस!

दुपारी जेवण वाढायला आलेले आचारी जवळच्याच गावचे होते. माझ्या मुलीने त्यांच्याजवळ तक्रार केली, "काका, आम्हाला वाघ दिसलाच नाही." ते हसले आणि म्हणाले, "बेटा, तुम्ही वाघ दिसावा म्हणून येता. आमच्या घरची माणसं पहाटे मोहफुलं वेचायला जातात, तेव्हा वाघ दिसू नये म्हणतात."

मुलगी एकदम गप्प झाली. मीही झालो.

मोहाची फुले पहाटे गळून पडतात. ती गोड व रसाळ असल्यामुळे अस्वल, हरणे, वानर सर्वांनाच आवडतात. माणसांना त्यांतून चार पैसे मिळतात. फुले वाकून वेचावी लागतात, आणि वाकलेला माणूस दुरून चौपायासारखा दिसतो. या जिल्ह्यात अशा कामासाठी रानात गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात दगावली आहेत. फुले नीट दिसावीत म्हणून काही लोक झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, आणि ती आग कधीकधी रानात पसरते. एका झाडाभोवती किती प्रश्न गुंतलेले आहेत, पाहा! आचारीकाकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. वानर खाकरला, की त्यांच्या घरची माणसे टोपली तेथेच ठेवून मागे फिरतात. चितळाला जी भाषा कळते, ती त्यांनाही कळते. आम्हाला ती कळत नव्हती.

जॉर्ज शॅलर या प्राणिशास्त्रज्ञाने १९६३ ते १९६५ या काळात मध्य प्रदेशातील कान्हा येथे पत्नी व दोन लहान मुलांसह राहून अभ्यास केला. चितळांचे कळप मोजणे, वाघाच्या विष्ठेतील केस तपासून त्याने काय खाल्ले ते ठरविणे, असे ते चिकाटीचे काम होते. १९६७ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे नाव 'द डिअर अँड द टायगर'. नावात हरीण आधी आहे आणि वाघ नंतर! मला यात मोठा अर्थ दिसतो. हरणे, गवत, पाणी आणि भोवतालची माणसे समजल्याखेरीज वाघ समजत नाही.

कोणी म्हणेल, एवढा खर्च करून जायचे, तर वाघ पाहण्याची इच्छा धरण्यात गैर काय? काहीच गैर नाही. वाघ दिसला तर मलाही आनंदच होईल. परंतु सगळा दिवस त्या एका क्षणावर टांगून ठेवला, की आपण चालकाला गाडी दामटायला सांगतो, चितळांपाशी थांबत नाही आणि मधली दुपार झोपेत किंवा मोबाईलवर घालवितो. विश्रांती हवी हे खरे. पण झाडाखाली गप्प बसून पाहणे हीदेखील विश्रांतीच आहे.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे, की सहलीच्या कार्यक्रमात दोन तास मोकळे ठेवा आणि मुलांना एकाच झाडासमोर बसवा. आणि मित्रहो, तुम्ही जवळ एक वही ठेवा. कोण आले, किती वाजता आले, काय खाल्ले, कोण ओरडले आणि त्यानंतर काय घडले, हे लिहा. तेथे राबणाऱ्या माणसांशी आदराने बोला. त्यांना ठाऊक असलेले रान तुमच्या पुस्तकात नाही. यासाठी ताडोबाच हवे असे नाही. गावाबाहेरचे वडाचे झाडही चालेल.

पुढच्या वेळी कोणी मित्र जंगलातून परत आला, तर "वाघ दिसला का?" असे विचारू नका. "काय काय पाहिलेस?" असे विचारा, आणि तो सांगू लागला की शेवटपर्यंत ऐका.