वाहनांचे संग्रहालय आणि वाहने घडविणारे हात

दिल्लीदर्शनाला निघालेल्या प्रवाशाच्या यादीत मानेसरचे नाव क्वचितच आढळते. लाल किल्ला, कुतुबमिनार, जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालय, चाणक्यपुरीतील रेल्वे संग्रहालय, एवढे पाहून झाले म्हणजे राजधानी पाहिली असे मानण्याचा प्रघात आहे. दिल्ली-जयपूर महामार्गावरील मानेसर ओळखले जाते ते कारखान्यांमुळे. परंतु तेथून जयपूरच्या दिशेने पुढे गेल्यावर बिलासपूरपाशी तावडूचा फाटा लागतो, आणि त्या रस्त्यावर वाहतुकीच्या इतिहासाला वाहिलेले एक मोठे खाजगी संग्रहालय आहे. तरुण ठकराल या संग्राहकाच्या प्रयत्नातून उभे राहिलेले हे संग्रहालय २०१३ साली खुले झाले. पालख्या, बैलगाड्या, सायकली, जुन्या मोटारी, रेल्वेचा डबा आणि छोटे विमानही तेथे पाहावयास मिळते.

हा उपक्रम स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. मनुष्याने अंतरावर मिळविलेल्या विजयाची ही कहाणी आहे, आणि ती एका छपराखाली पाहिल्याने मुलांच्या ज्ञानात निश्चित भर पडते. प्रश्न वेगळाच आहे. पालखीत कोण बसले हे पाहणाऱ्याला सहज समजते. ती कोणाच्या खांद्यावर होती, हे त्याला कोण सांगणार? मोटार कोणत्या राजाची वा नटाची होती याची माहिती उत्सुकतेने वाचली जाते; ती कोणी घडविली, किती तास राबून आणि किती वेतनावर, हा प्रश्न बहुधा कोणाच्या मनातही येत नाही.

मानेसरच्या परिसरात तरी हा प्रश्न टाळता येत नाही. मारुती सुझुकीचा येथील कारखाना २००७ साली सुरू झाला. तेथे मिनिटाच्या आत एक मोटार तयार होऊन बाहेर पडे. आणि तो वेग सांभाळणाऱ्या कामगाराला चहासाठी व स्वच्छतागृहासाठी मिळणारी सुट्टी सात-साडेसात मिनिटांची होती, हे २०११ च्या आंदोलनात देशासमोर आले. त्या वर्षी जूनमध्ये स्वतःच्या पसंतीची संघटना स्थापन करण्याच्या हक्कासाठी कामगारांनी तेरा दिवस संप केला. १८ जुलै २०१२ रोजी कारखान्यात हिंसाचार होऊन अवनीशकुमार देव या अधिकाऱ्याचा दुर्दैवी मृत्यू झाला. त्यानंतर १४८ कामगारांवर खटला चालला. मार्च २०१७ मध्ये न्यायालयाने त्यांपैकी ११७ जणांना निर्दोष सोडले, ३१ जणांना दोषी ठरविले आणि त्यांतील १३ जणांना जन्मठेप सुनावली. निर्दोष ठरलेल्यांपैकी अनेकांची उमेदीची वर्षे तोवर तुरुंगात गेली होती. भारतीय मोटारीच्या इतिहासातील हे प्रकरण तिच्या इंजिनाइतकेच महत्त्वाचे नव्हे काय?

एखादा म्हणेल की संग्रहालय हे वस्तूंचे घर असते, लढ्यांचे नव्हे. परंतु वस्तू स्वतःहून काहीच बोलत नाही. तिला बोलते करणारा मनुष्य ठरवितो की काय सांगावे आणि काय गाळावे. राष्ट्रीय संग्रहालयात महाराष्ट्रातून गेलेला एक अमोल ठेवा आहे. दोन बैल जुंपलेला ब्राँझचा रथ आणि त्यात उभा असलेला पुरुष. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यात, प्रवराकाठच्या दायमाबाद येथे १९७४ साली तो सापडला. त्याच्यासोबत मिळालेले हत्ती, गेंडा आणि रेडा मुंबईच्या संग्रहालयात आहेत. हा ठेवा उजेडात आणला तो कोणा पंडिताच्या कुदळीने नव्हे, तर भिल्ल समाजातील एका श्रमिकाच्या हाताने. पुराणवस्तुशास्त्राने त्याचा अभ्यास केला, हे त्या शास्त्राचे श्रेय. परंतु ज्याच्या हातून तो बाहेर आला आणि ज्या अनाम कारागिराने तो ओतला, ते दोघेही श्रमजीवी होते, ही गोष्ट विसरता कामा नये.

संग्रहालयांचा इतिहासही हेच शिकवितो. राजेरजवाड्यांच्या दालनांत बंद असलेली कला फ्रेंच राज्यक्रांतीने जनतेच्या स्वाधीन केली; १७९३ साली लूव्ह्र राजवाड्याचे दरवाजे सामान्य नागरिकांना उघडले. १९१७ च्या क्रांतीनंतर झारच्या हिवाळी राजवाड्याचे संग्रहालय झाले. सौंदर्य आणि ज्ञान ही मूठभरांची मालमत्ता नव्हे, हे तत्त्व या घटनांनी जगासमोर ठेवले.

परंतु दरवाजा उघडा असणे पुरेसे नसते. आत जाण्यास वेळ लागतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली अनेक वर्षे झगडल्यानंतर. विश्रांती व्हावी, मुलाबाळांत बसता यावे, समाजाचे काही काम करता यावे, यासाठी ती सुट्टी होती. आज अलियर, ढाणा, कासन अशा गावांतून भाड्याच्या खोलीत चौघे-पाचजण मिळून राहणाऱ्या कंत्राटी कामगाराचा रविवार ओव्हरटाईमने गिळला, तर त्याच्यापुरता तो १८९० चा विजय कागदावरच राहतो. त्याने जोडलेली मोटार दुसऱ्या कोणाला सहकुटुंब संग्रहालयात घेऊन जाते. तो स्वतः मात्र त्या रस्त्याने बिहारकडे वा उत्तर प्रदेशाकडे जाणाऱ्या गाडीपर्यंत पोचतो, तेवढेच त्याचे पर्यटन.

मुंबईने या बाबतीत धडा घालून दिला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे गिरण्या मिटल्या, त्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. जिथे साचे धडधडत होते तिथे खरेदीला येणाऱ्या तरुणाला त्या जागेचा इतिहास ठाऊक नसतो, यात त्याचा दोष नाही. तो त्याला कोणी दाखविलाच नाही. मानेसरची गत तशीच होऊ द्यायची काय?

यासाठी आभाळाएवढ्या योजनांची गरज नाही. संग्रहालयांनी औद्योगिक वसाहतींतील कामगार-कुटुंबांसाठी सायंकाळच्या वेळा आणि सवलतीचे दिवस ठेवावेत. वस्तूखालच्या पाटीवर मालकाच्या नावाबरोबर कारागिरांचीही नोंद करावी. निवृत्त जोडारी, फायरमन, गाडीवान यांना मार्गदर्शक म्हणून मानधनावर बोलवावे. आणि कामगार संघटनांनीही सभा व मोर्चे संपले की काम संपले असे न मानता, आपली पत्रके, छायाचित्रे, मागणीपत्रे आणि जुन्या कामगारांच्या आठवणी आजच जपून ठेवाव्यात. ही कागदपत्रे रद्दीत गेली, तर उद्याच्या इतिहासकाराच्या हाती केवळ मालकांचे ताळेबंद उरतील.

चाक मनुष्याने शोधले, असे पाठ्यपुस्तक सांगते. तो मनुष्य काम करणारा होता, एवढे एक वाक्य पुढे जोडले गेले, तर तावडूच्या रस्त्यावरील त्या पालख्या आणि मोटारी अधिक खऱ्या वाटू लागतील. आणि एखाद्या रविवारी मानेसरचा कामगार आपल्या मुलीचे बोट धरून तेथे उभा राहील व म्हणेल, “अशा गाड्या आम्ही जोडतो”, तेव्हा ते संग्रहालय खऱ्या अर्थाने जनतेचे होईल.