अर्काच्या बाटलीवरील आंकडे

सांगली, हिंगोली व नांदेड या भागांतील हळद बाजारांत विकली जाते ती बहुतांशीं रंग, टणकपणा व हळकुंडाची जाडी पाहून. तीच हळद अर्क होऊन कॅप्सुलांत भरली गेली, म्हणजे तिचें मोल बाटलीवरील आंकड्यांवरून केलें जातें. हे आंकडे वाचतां येणें पिकविणाराच्या व विकत घेणाराच्या, दोघांच्याहि हिताचें आहे, असें आमचें मत आहे.

बाटलीवर बहुधा तीन तऱ्हेचे आंकडे असतात: वजन, प्रमाण व शेंकडेवारी. ‘५०० मिलिग्रॅम’ हें नुसतें वजन होय. त्यांत सत्त्व किती हें त्यावरून कळत नाहीं. ‘१०:१’ याचा अर्थ दहा भाग मालापासून एक भाग अर्क काढिला, इतकाच. तो माल ओला कीं सुका, हें पुष्कळदां लिहिलेलें नसतें. ओली हळद शिजवून वाळविली म्हणजे सुमारें पांचवा हिस्सा उरतो, हें आमच्या शेतकरी बंधूंस सांगावयास नको. तेव्हां ओल्या मालावर हिशेब धरिल्यास ‘५:१’ हें प्रमाण नुसत्या उन्हानेंच साधेल! ‘५,००० मिलिग्रॅम हळदीइतका अर्क’ ही भाषाहि अशाच प्रमाणाचा गुणाकार होय.

खरी खूण शेंकडेवारींत आहे. हळदीचें मुख्य सत्त्व म्हणजे कर्क्युमिन व त्याच्या वर्गांतील द्रव्यें. साध्या हळदींत तीं साधारणपणें शेंकडा २ ते ५ असतात. शुद्ध केलेल्या अर्कांत शेंकडा ९५ पर्यंत जातात. ५०० मिलिग्रॅम पूड शेंकडा ३ ची असेल तर सत्त्व १५ मिलिग्रॅम. तितकाच अर्क शेंकडा ९५ चा असेल तर ४७५ मिलिग्रॅम. तेवढें सत्त्व पुडींतून मिळवावयाचें तर सुमारें १६ ग्रॅम हळद लागेल. यास्तव द्रव्याचें नांव, त्याची शेंकडेवारी व एका कॅप्सुलींतील अर्काचें वजन हीं तिन्ही असल्यावांचून बाटली विकत घेऊं नये.

तथापि आंकडा जितका मोठा तितकें औषध गुणकारी, असा समज कोणीं करून घेऊं नये. मिरींतील पायपरीन सोबत दिल्यास कर्क्युमिनचें शोषण सुमारें २० पट वाढतें, असें १९९८ सालीं बंगळूर येथील संशोधकांनीं दाखविलें. म्हणून पुष्कळ अर्कांत तें मिसळतात. परंतु हळदीचीं पूरकें घेणाऱ्या कांहीं लोकांस यकृताचा दाह झाल्याच्या नोंदी २०१९ सालीं इटलींत झाल्या. आमटींतील चिमूटभर हळदीचा पिढीजात अनुभव या तीव्र अर्कांस लागू पडत नाहीं. यकृताचा विकार असणाऱ्यानें वा नित्य औषधें घेणाऱ्यानें वैद्यास विचारल्यावांचून ते घेऊं नयेत.

आतां पिकविणाराचा प्रश्न. अर्क काढणाऱ्यास सत्त्वाशीं काम. आपण मात्र रंगावर माल विकतों. मग अधिक सत्त्वाच्या हळदीचा लाभ कोणाच्या पदरीं पडतो? आमची सूचना अशी कीं, गांवोगांवच्या संघांनीं जातवार नमुने प्रयोगशाळेंत तपासून घ्यावे. तपासणी द्रव्यें निरनिराळीं करून मोजणारी असावी; नुसता पिवळेपणा मोजल्यास भेसळीचा रंगहि सत्त्वांत गणला जाण्याचा संभव आहे. शेंकडेवारीचा दाखला हातीं असल्यावांचून वाढीव दर मागतां येणार नाहीं. बाटलीवरचा आंकडा आपल्याच शेतांत तयार होतो. तो प्रथम आपणांस ठाऊक असावा, हेंच न्याय्य होय.