घंटा वाजते, पण ऐकतो कोण?

कापडाच्या व्यापाऱ्याने मेनफ्रेम संगणकाविषयी लिहावे याचे आमच्या बाजारातील बांधवांना नवल वाटेल. परंतु ज्या गोष्टीने आम्हाला एकदा चांगलाच फटका बसला, तीच गोष्ट पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याच्या तोंडून दुसऱ्या रूपात ऐकली, आणि मग गप्प राहवले नाही.

आधी आमची हकिगत. साल २००९. मालेगावच्या एका पार्टीकडे ग्रे कापडाचा बारा हजार मीटरचा लॉट तयार होता. भाव ठरला, बोली झाली. अट एवढीच की सोमवारी संध्याकाळपर्यंत पैसे त्यांच्या खात्यात पडले पाहिजेत. आम्ही दुपारी बारालाच आरटीजीएसचा फॉर्म भरून बँकेच्या खिडकीवर दिला. आतून उत्तर आले, "शेठ, लिंक नाही." हा शब्द माहीत नाही असा व्यापारी विरळाच. लिंक कधी येईल? सांगता येत नाही. तीन वाजले, चार वाजले. त्या काळी आरटीजीएस ठरावीक वेळेतच चाले. २४ तासांची सोय १४ डिसेंबर २०२० पासून झाली. पैसे गेले नाहीत. मंगळवारी सकाळी तो लॉट दुसऱ्याच्या टेम्पोत चढला. नफा गेला त्याचे दुःख कमी. त्याच लॉटच्या भरवशावर आम्ही मुंबईच्या एका जुन्या घराला जबान दिली होती. ते घर नंतर आमच्याशी पूर्वीसारखे कधी बोलले नाही.

पुढे त्या शाखेत दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञाशी चहा घेताना खरी गोष्ट कळली. शाखेला दोन लाइनी होत्या. मुख्य लाइन सोमवारी नव्हे, आदल्या गुरुवारीच बंद पडली होती. दुसरी, राखीव लाइन आपोआप चालू झाली आणि काम सुरू राहिले. काम सुरू होते म्हणून कोणाला काही कळले नाही. सोमवारी राखीव लाइनही गेली, तेव्हा हाकाटी झाली. आणि मुख्य कार्यालयातील पडद्यावर आमच्या शाखेच्या नावापुढे चार दिवस लाल खूण होती. होती म्हणजे होतीच! इतर शेकडो खुणांच्या गर्दीत.

आता भाच्याचे. पुण्यातील एका कंपनीत त्याचा गट रात्रपाळीला एका अमेरिकन बँकेच्या मेनफ्रेमवर नजर ठेवतो. तिकडचा दिवस तो आपल्याकडची रात्र. पुणे, मुंबई, बेंगळुरू येथे अशी हजारो मुले परक्या देशांच्या बँकांची आणि विमा कंपन्यांची यंत्रे राखत जागी असतात. मेनफ्रेम म्हणजे काय, तर एका मोठ्या संस्थेचा सारा हिशेब एकाच जागी वाहणारे अवजड यंत्र. आपल्याकडील बहुतेक बँकांचा मुख्य हिशेब अशा यंत्रावर नव्हे, वेगळ्या सर्व्हरवर चालतो. परंतु लाइन तुटण्याचा आणि तुटल्याची खबर देण्याचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

या यंत्राला जोडलेली प्रत्येक वस्तू, मग ती लाइन असो, कंट्रोलर असो, काउंटरवरचे टर्मिनल असो वा एटीएम, तिला एक नाव असते. आयबीएमने १९७४ साली आपल्या जाळ्याची जी पद्धत आणली तिच्यात हे नाव जास्तीत जास्त आठ अक्षरांचे. व्हीटॅम नावाचा प्रोग्रॅम त्या सर्वांची हजेरी ठेवतो : कोण चालू, कोण बंद, कोण मध्येच अडकलेला. एखादी वस्तू बंद झाली की तो एक ठरावीक क्रमांकाचा संदेश टाकतो. १९८६ मध्ये आयबीएमने नेटव्ह्यू काढला. तो हे संदेश गोळा करतो, त्यांतले निवडतो आणि सांगितले असेल तर स्वतः हालचालही करतो. आता जाळे बहुतांशी इंटरनेटच्या पद्धतीचे झाले आहे, पण पहारा ठेवण्याचे तत्त्व बदललेले नाही.

हे सारे ऐकून आम्ही भाच्याला म्हटले, "मग बेटा, तुला काय काम? यंत्र सांगतेच आहे."

तो हसला. म्हणाला, "मामू, सांगते हीच तर अडचण आहे."

२०१४ सालची त्याची एक रात्र. एका शहरातील कंट्रोलर बसला. त्याच्याखाली शेकडो टर्मिनले. कंट्रोलर गेला म्हणजे ती सगळी गेली, आणि प्रत्येकाने आपापली स्वतंत्र खबर दिली. अर्ध्या तासात पडद्यावर एकोणीसशे ओळी. वास्तविक दोष एक, आणि आरोळ्या एकोणीसशे. त्या गर्दीत एक ओळ निराळी होती : दोन संगणक केंद्रांना जोडणाऱ्या दोन लाइनींपैकी एक मेली होती. दुसरी चालू होती, काम थांबले नव्हते, म्हणून कोणी पाहिले नाही. तीन दिवसांनी ती चालू लाइन ठरल्याप्रमाणे दुरुस्तीला घेतली आणि सगळा व्यवहार ठप्प झाला. चौकशी झाली. कागदावर असे आले की सूचना मिळाली होती, परंतु पाळीवरील कर्मचाऱ्याने तिची दखल घेतली नाही. मेमो भाच्याला मिळाला.

आमचा राग इथे आहे. एकोणीसशे ओळी पडद्यावर ओतायच्या, त्यांतली एक चुकली की पोराच्या नावे मेमो काढायचा, आणि ज्याने ती ओळ बाकीच्या ओळींसारखीच लावली त्याला कोणी विचारायचे नाही, हा कुठला न्याय? आमच्या शाखेच्या चार दिवसांच्या लाल खुणेचेही तेच. दिवा लावणाऱ्याला वाटले आपले काम झाले. खबर देणे म्हणजे दिवा पेटवणे नव्हे. योग्य माणसाच्या कानावर योग्य वेळी पडली आणि तो उठला, तर ती खबर.

भिवंडीच्या माणसाला ही गोष्ट नवी नाही. लूमवर बाण्याची तार तुटली की वेफ्ट फोर्क खाली पडतो आणि लूम थांबतो. ऑटो लूमवर ताण्याच्या प्रत्येक तारेला एक पातळ पत्री लटकते. तार तुटली की पत्री पडते, लूम बंद. कोणती तार तुटली ते शोधायला मजुराला साऱ्या शेडमध्ये फिरावे लागत नाही. जपानच्या साकिची टोयोडा यांनी १९२४ साली असा आपोआप थांबणारा लूम आणला, आणि १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या लूम बनवणाऱ्या बड्या कारखान्याने त्याचा हक्क विकत घेतला. त्या लूमची खुबी अशी की तो ओरडत नाही, थांबतो. विचार करा, प्रत्येक तार थोडी सैल झाली तरी घंटा वाजत असती तर मजुराने दुसऱ्याच दिवशी घंटेत कापूस कोंबला असता. तोच मजूर चार-सहा लूम नुसत्या आवाजावर सांभाळतो, कारण आवाज बदलला तरच त्याला वळावे लागते.

मेनफ्रेमवर हे करता येत नाही असे नाही. भाच्याने मेमोनंतर ते करून दाखवले म्हणूनच आम्ही लिहीत आहोत. नेटव्ह्यूमध्ये आलेल्या घटना वहीत नोंदवायच्या की नाही, आणि नोंदवलेल्यांपैकी माणसाला दाखवायच्या कोणत्या, अशा दोन वेगळ्या चाळण्या असतात. बहुतेक ठिकाणी चाळणी बसवली त्या दिवशी जशी होती तशीच वर्षानुवर्षे राहते. त्याने पहिल्यांदा यादी केली : कोणती वस्तू गेल्यास ग्राहकाचे पैसे अडतात? कारकुनाने संध्याकाळी टर्मिनल बंद केले तर तीही "बंद"च, पण तो दोष नव्हे; सबब त्या खबरीला वेळ बांधून दिली. कंट्रोलर गेला असेल तर त्याच्याखालच्या टर्मिनलांच्या खबरी वहीत जाव्यात, पडद्यावर कंट्रोलरची एकच ओळ यावी. एखादी लाइन क्षणभर डोळे मिटून उघडत असेल तर यंत्रानेच तिला पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करावा, ठरावीक वेळा, आणि न जमल्यास माणसाला उठवावे. प्रतिसादाचा वेळ मोजणाऱ्या दुसऱ्या एका प्रोग्रॅमात त्याने असे लावले की मोजमाप लागोपाठ तीन वेळा वाईट निघाले तरच इशारा द्यावा. एकदा वाईट निघणे म्हणजे कुणी शिंकणे.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, ज्यासाठी त्याला वरिष्ठांशी भांडावे लागले : जिथे दोन लाइनी आहेत तिथे पहिली गेली तेव्हाच मोठी खबर, दुसरी जाईपर्यंत थांबणे नाही. वरिष्ठांचे म्हणणे, काम तर चालू आहे, मग रात्री दोनला कोणाला का उठवायचे? त्यावर त्याने आमची २००९ ची हकिगत सांगितली म्हणे. मालेगावचा लॉट अमेरिकन बँकेच्या बैठकीत पोहोचला! राखीव लाइन ही आपल्याकडील ठेवीसारखी असते. मोडली तर मोडल्याची नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे, ती चालते आहे याच्या आनंदात राहून चालत नाही.

एक शंका आम्ही काढली. पहारेकरीच झोपला तर? पडदा शांत आहे याचा अर्थ सारे ठीक आहे असा, की ओरडणाराच मेला असा? ही शंका पोकळ नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी धोक्याचे इशारे देणारा प्रोग्रॅमच अडकून पडला. कक्षातील माणसांना ते कळले नाही. इशारा नाही म्हणजे धोका नाही असे समजून ते बसले, आणि बाहेर झाडांना टेकून एकेक वाहिनी पडत गेली. सव्वाचारच्या सुमारास अमेरिका आणि कॅनडा मिळून सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. म्हणून भाच्याच्या गटाने उलटी व्यवस्था ठेवली आहे : पहारा देणारा प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी "मी जागा आहे" असे दुसऱ्या एका यंत्राला कळवतो, ते कळवणे थांबले की ते दुसरे यंत्र फोन लावते. आमच्या मोहल्ल्यातील जुना गुरखा दर तासाला काठी आपटत जायचा, त्यातला प्रकार. काठीचा आवाज आला नाही तर लोक उठून बाहेर पाहत.

आता कोणी म्हणेल, हे तंत्रज्ञांचे प्रश्न, व्यापाऱ्याने यात का पडावे? आमचे मत वेगळे आहे. भोगतो तो व्यापारी. आज आपल्यातील कित्येक जण नागरी बँकांचे आणि पतसंस्थांचे संचालक आहेत, काहींनी आपल्याच कारखान्यात संगणक आणि कॅमेरे बसवले आहेत. वार्षिक सभेत लाभांशावर तासभर वाद होतो. मुख्य लाइन गेली तर खबर कोणाला जाते, त्या माणसाचे नाव काय, तो रजेवर असला तर दुसरा कोण, हे विचारायला एक मिनिट लागेल. ठेकेदार उत्तरादाखल भिंतीवरचा मोठा पडदा आणि त्यावरचे हिरवे-लाल ठिपके दाखवील. त्याने खुश होऊ नये. गेल्या महिन्यात किती लाल झाले आणि त्यांपैकी कितींसाठी कोणी खुर्चीवरून उठले, हे दोन आकडे मागावेत. पहिला मोठा आणि दुसरा अगदी लहान निघाला तर पडदा निरुपयोगी आहे असे समजावे, मग तो कितीही किमतीचा असो.

पडदे वाढवून माणसे कमी करण्याची जी चाल सध्या सर्वत्र दिसते, तिच्याबद्दलही भाच्याची तक्रार आहे. आधी पाळीला सहा जण होते, आता तीन. खबरी कमी केल्या त्या त्याने, आणि त्याचा फायदा काढला कंपनीने. यावर आमच्याजवळ उत्तर नाही. आमच्याच गल्लीत ऑटो लूम आले तेव्हा काय झाले ते आम्ही पाहिले आहे.

मेमो अजून त्याच्या फाइलमध्ये आहे, काढला नाही. आमच्या जुन्या शाखेत मात्र, गेल्या खेपेला गेलो तेव्हा, राउटरच्या पेटीवर एक कागद चिकटवलेला दिसला. त्यावर हाताने लिहिलेले दोन मोबाइल नंबर, आणि खाली : "डावीकडचा दिवा विझला तर लगेच फोन करणे. काम चालू असले तरी."