वॉकीटॉकी कुणाच्या हातात?

पूर्णा-अकोला मार्ग २००८ साली ब्रॉडगेज झाला. वसमत, हिंगोलीवरून जाणारी गाडी आपण रोज पाहतो; पण तिच्यातली माणसे एकमेकांशी कशी बोलतात, हे ठाऊक नसते. इंजिनात लोको पायलट, शेवटी गार्ड. २०२२ पासून गार्डला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. दोघांसाठी ५ वॅटचे वॉकीटॉकी, स्टेशनमास्तरकडे २५ वॅटचा संच. ठरलेल्या चॅनेलवर एकाने बोलायचे, टप्प्यातल्या सर्वांनी ऐकायचे. टप्पा काही किलोमीटरचाच. गाडी मध्येच अडली, डबा घसरला, तर जवळ आलेल्या दुसऱ्या गाडीला सावध करण्याचे हे साधन. म्हणजे प्रश्न जिवाचा आहे.

१७ जून २०२४ रोजी पश्चिम बंगालात रंगापाणीजवळ मालगाडी कांचनजंगा एक्स्प्रेसवर मागून आदळली. चौकशी होण्याआधीच, त्याच दिवशी वरिष्ठांनी सिग्नल मोडल्याचा ठपका मालगाडीच्या मृत चालकावर ठेवला. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत काय निघाले? त्या मार्गावरचे सिग्नल पहाटेपासून बिघडलेले होते, चालकांना दिलेला परवाना सदोष होता आणि मालगाडीच्या चालक-गार्डजवळ वॉकीटॉकीच नव्हते! साधन द्यायचे नाही आणि जबाबदारी मात्र मेलेल्या कामगारावर टाकायची, हा कुठला न्याय?

याहून मोठा प्रश्न चॅनेलच्या बाहेर राहिलेल्यांचा आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. आपली माणसे जन्मभर गँगमनच राहतात, हे बाबासाहेबांनी तिथे ठणकावून सांगितले. आजही ऊन-पावसात रूळ तपासत चालणाऱ्या गँगमनच्या हातात हातोडा असतो, वॉकीटॉकी सरसकट नसतो. गाडी येत असल्याचा इशारा देणारे ‘रक्षक’ हे रेडिओ यंत्र तयार आहे. ते प्रत्येक गँगपर्यंत पोहोचलेले नाही. आपल्या दक्षिण मध्य रेल्वेने ‘कवच’ सर्वांत आधी बसवले, याचा गाजावाजा झाला. कवच गाडीला गाडीपासून वाचवते. रुळावर वाकलेल्या माणसाला कोण वाचवणार?

आमचे म्हणणे सरळ आहे. चालू स्थितीतले संच हाती आल्याशिवाय गाडी सोडू नये आणि त्याची लेखी नोंद ठेवावी. प्रत्येक गँगला ‘रक्षक’ द्यावे. रेल्वेतील आपल्या बांधवांनी हीच मागणी आपापल्या युनियनकडे लेखी करावी. अपघातानंतरच्या नुकसानभरपाईपेक्षा अपघाताआधीचा एक इशारा मोलाचा असतो.