बाहीवरच्या फिती
शिर्डीत दर्शनाच्या रांगेत वर्दीतला जवान दिसला तर त्याची बाही पाहा. रांगेत वेळ तेवढा असतोच. एक फीत लान्स नाईकाची, दोन नाइकाच्या, तीन हवालदाराच्या. शिपायाची बाही कोरी. फितींची रीत इंग्रजांची, १८०२ सालची. हुद्द्यांची नावे मात्र आपली जुनी. शिवरायांच्या पायदळात नऊ पाइकांवर नाईक, पाच नाइकांवर हवालदार असे.

आपल्याच जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव मराठा लाइट इन्फन्ट्रीत साधे शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीकाठी त्यांनी दोघा जखमी साथीदारांना खोल पाण्यातून, सुरुंगांतून एकेक करून बाहेर काढले. मग शत्रूची तीन मशीनगन ठाणी एकट्याने गारद केली. त्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हवालदारीच्या तीन फिती पुढे आल्या.